कबरी आणि हिरव्या बांगड्या

मी देवाशी घासाघीस करणारी बाई होते, हे आधीच कबूल करून टाकते. भाजीवाल्यांच्या घरात जन्मले, भाजीवाल्यांच्याच घरात दिली. वांग्याच्या टोपलीवर जसा भाव ठरवायचा तसाच मी देवापुढे ठरवत असे. तू एवढं कर, मग मी तेवढं करीन. आधी माल, मग मोल. त्यात काही चुकतंय असं मला वाटत नव्हतं, कारण आमच्याकडे सगळ्याच बाया तसंच करत.

कामरगावच्या शिवेवर आमचा मळा होता. विहीर, मोट, वांगी, मेथी, कांदे, आणि विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड. त्या सातआसरा. पाण्यातल्या देवी. गरोदर बाईनं त्यांच्यासमोरून खाली मान घालून जावं, त्यांना दुखवू नये, अशी आमच्याकडची रीत. माझं पहिलं बाळ आठ दिवसांचं होऊन गेलं, दुसरं पोटातच गेलं. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी त्या दगडांपुढे बसून बोलले होते, ‘हे बाळ जगलं तर तुम्हा सातजणींना हिरव्या बांगड्या वाहीन. नाही जगलं, तर माझ्याकडून कशाचीही वाट पाहू नका.’ असं बोलायची हिंमत तेव्हा कुठून आली कोण जाणे. बहुतेक भीतीतूनच आली असावी.

ते लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नसे, करडईच्या तेलाची पणती लावून स्वयंपाक व्हायचा. मला सातवा महिना होता. आणि माझी एक कोंबडी होती, कबरी. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरून परतताना आईनं ती माझ्या ओच्यात घातली होती, मुठीएवढं पिल्लू. मला द्यायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. सासरे माळकरी, अंडंसुद्धा घरात चालत नसे, म्हणून तिचं खुराडं गोठ्यामागे. सासूबाई तिला ‘तुहं माहेर’ म्हणून चिडवत. ‘जाय, तुह्या माहेराले दाणे टाकून ये.’ मीही जायची, आणि जरा जास्तच वेळ लावायची.

एके सकाळी खुराडं उघडलं तर कबरी बाहेर आली नाही. कोपऱ्यात शेपूट खाली टाकून, पाय फाकवून उभी होती. तुरा पांढुरका पडलेला. थोड्या थोड्या वेळानं कळ द्यायची आणि दमून डोळे मिटायची. अंडं अडलं होतं. मी घाबरून तिचं पोट दाबलं, बोटानं काही ओढता येतंय का तेही पाहिलं. ती अशी ओरडली की मी हात मागे घेतला. आज ते आठवलं तरी माझी मलाच लाज वाटते.

सासूबाईंनी तिला उलटीपालटी करून पाहिली. त्या दुष्ट नव्हत्या, पण कुणब्या-माळ्याच्या घरात जनावराचा विचार जसा करतात तसाच त्यांनी केला.

‘जिती आहे तोवर देऊन टाक कोनाले,’ त्या म्हणाल्या. ‘मेल्यावर कोन खाईन तिले? दिवा लागेलोक पाहू. नाही त पाठवून देतो.’

मी कबरीला परत खुराड्यात ठेवलं. पण माझ्या मनानं तेव्हाच एक हिशेब मांडला होता. कबरी अडली तशी मीही अडणार. ती गेली तर मीही जाणार, नाहीतर बाळ तरी जाणार. आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. पोटावर हात ठेवून मी घरातून गोठ्यात आणि गोठ्यातून घरात करत राहिले.

त्याच दिवशी दुपारी मन्यारीण आली. सातव्या महिन्यात हिरव्या बांगड्या भरायच्या म्हणून सासूबाईंनी निरोप धाडला होता, पण आमच्या नेहमीच्या मन्यारणीऐवजी ही दुसरीच आली. नेहमीची तापानं पडली होती, तिनं आपल्या नात्यातलीला पाठवलं होतं. पन्नाशीची, सडपातळ, अनवाणी, खांद्यावर बांगड्यांच्या माळा. मन्यारणींना आम्ही चाचीच म्हणत असू. ओट्यावर बसली, पाणी प्याली आणि माझा हात मांडीवर घेतला.

पहिली बांगडी तुटली. दुसरीही तुटली. आमच्याकडे ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात, पण शब्द बदलून भीती थोडीच बदलते? ओटीच्या बांगड्या, त्याही दोन. सासूबाई उंबऱ्यातच थबकल्या. मला हुंदका आवरेना.

‘काहून रडून राह्यली वं बेटी? बांगडीचा कसूर नाही,’ चाची म्हणाली. ‘हात पाह्य कसा आवळून धरला तू. लाकूड झाला पार. ढिला सोड, ते आपोआप जाते.’

मी तिला कबरीचं सांगितलं. का सांगितलं ठाऊक नाही. ती हसेल असं वाटलं होतं. तिनं बांगड्या बाजूला सरकवल्या आणि म्हणाली, ‘आन पाहू तिले इकडे.’

घमेल्यात कोमट पाणी मागवलं. त्यात कबरीला पोटापर्यंत बसवून चाची तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. कोंबडी आधी फडफडली, मग हळूहळू पंख सैल टाकून शांत झाली. मग पदरानं तिला टिपून चाचीनं तेलाचं बोट लावलं. बांगड्या चढवून चढवून तिची बोटं इतकी मऊ आणि बारीक झाली होती की कबरीनं मान वळवूनही पाहिलं नाही.

‘आता ओढू नको,’ मी हात पुढे केला तशी ती म्हणाली. ‘ओढलं त आत फुटते, अन् फुटलं त कोंबडी जाते. हे बी तुह्यासारखीच आवळून बसली आहे. ऊब दे, अंधार दे, अन् गप बस.’

टोपल्यात मऊ चिंध्या घालून कबरीला ठेवलं, वर गोणपाट टाकलं. गप बसणं हे माझ्याच्यानं आयुष्यात कधी झालं नव्हतं. दर पाच मिनिटांनी मी गोणपाट उचलायला जायची आणि चाची माझं मनगट धरायची. तिला पुढच्या वस्तीवर जायचं होतं, उन्हं उतरत होती, तरी ती उठली नाही. तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. बसल्या बसल्या मी तो सुईनं काढला. त्या कामात माझं मन टोपल्यावरून उठलं, आणि त्याच वेळी तिनं माझ्या हातात बांगड्या चढवल्या. एका हातात सात, दुसऱ्यात आठ. एकही वाढली नाही. कधी भरल्या ते मला कळलंही नाही.

सासूबाईंनी तुळशीपुढे दिवा लावला तेव्हा टोपल्यातून कबरीचा आवाज आला, अंडं घातल्यावरचा, गावाला सांगितल्यासारखा. गोणपाट काढलं तर चिंध्यांवर भलंमोठं वाकडं अंडं, एका बाजूला रक्ताची रेघ. कबरी उभी राहिली, अंग झाडलं आणि दाण्यासाठी माझ्या बोटाला चोच मारली. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘राहू दे आता. जगली बिचारी.’

चाची निघाली तेव्हा मी तिच्याकडून आणखी सात बांगड्या मागून घेतल्या आणि तशीच विहिरीवर गेले. सात दगडांपुढे एकेक ठेवली. बाळ अजून व्हायचं होतं. जगेल की नाही ते ठाऊक नव्हतं. मी काही मागितलं नाही, काही बजावलंही नाही. एवढंच म्हणाले, ‘या तुमच्या.’ आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला गाढ झोप लागली.

सासूबाई मरेपर्यंत सांगत, ती मन्यारीण नव्हतीच, आसराच आली होती. मी तसं म्हणत नाही. आसरांच्या टाचेत काटे मोडत नसावेत. ती दुसऱ्याच्या आजारपणात उन्हातून चालत आलेली गरीब बाई होती. पण तिला त्याच दिवशी, माझ्याच ओट्यावर कोणी आणून बसवलं, हे मी कोणाला विचारत बसत नाही. हात जोडते.

दोन महिन्यांनी माझी वेळ आली. दोन्ही हातांनी खाटेचा माचवा आवळून धरला होता. सुईण ओरडत होती, मला काही ऐकू येत नव्हतं. मग हातातल्या बांगड्या वाजल्या आणि मला कबरीचं घमेलं आठवलं. मी बोटं सोडली. एकेक करून, मोठ्या कष्टानं. आता तुम्ही बघा, असं सातजणींना मनात म्हणाले. थोड्या वेळानं लेक रडली.

ती लेक आता स्वतः आजी झाली आहे. तिच्या लग्नात तिला सोनंनाणं द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. पहिल्या दिवाळीला ती माहेरून परत निघाली, तेव्हा मी तिच्या ओच्यात कबरीच्या वंशातलं एक पिल्लू घातलं. तिनं ते घट्ट कवटाळलं. मी म्हणाले, ‘हात ढिला सोड बाई. जात नाही ते कुठी.’