कशावरून?

येरमाळ्यात हायवेच्या कडेला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. लोक कागद घेऊन जातात आणि किस्से इथंच सोडून जातात. झाडून टाकावेत म्हटलं तर दुसऱ्या दिवशी नवे हजर! कुणाचाच कुणावर विश्वास नाही, देवाची कृपा, त्यावरच माझं घर चालतं.

बरं, एकाच गोष्टीला नावं तरी किती! म्हातारी माणसं 'सबूत' म्हणतात, तहसिलात 'दाखला' चालतो, वकिलाला 'पुरावा' लागतो, बँकेतली मॅडम 'प्रूफ' मागते. भावकीत मात्र एकच शब्द : "कशावरून?"

*

माझी मुलगी चौथीत आहे. परीक्षेत समानार्थी शब्द आला, पुरावा. हिनं लिहिलं, झेरॉक्स! गुरुजींनी लाल फुली मारली आणि मला बोलावून घेतलं. "घरात जरा शुद्ध भाषा बोलत जा." मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात गुरुजी दुकानात आले, घामाघूम. "माझ्या जन्मतारखेचा पुरावा मागितलाय हो, लवकर काढा!"

"काय काढू, गुरुजी?"

"अहो, ह्याची झेरॉक्स!"

मुलगी स्टुलावर बसून ऐकत होती. तिचा मार्क अजून मिळालेला नाही.

*

रेशनच्या केवायसीला एक म्हातारं जोडपं आलं. मावशींचा अंगठा मशीनवर काही केल्या उठेना. पुसला, धुतला, तेल लावलं. मशीन आपलं लाल ते लालच.

काकांनी विचारलं, "काय म्हणतंय त्ये?"

"जुळत नाही म्हणतंय."

मावशी पदर सावरत म्हणाल्या, "आमच्या लग्नात जोशीबुवाबी हेच म्हणले हुते. ह्यांच्या बापानं ऐकलं न्हाय!"

*

माझे सासरे माकणीकडचे. त्यांचं जुनं गाव धरणात गेलं. कुठल्याशा कामाला ऑफिसातले साहेब म्हणाले, "जुन्या गावात तुमचं घर होतं याचा पुरावा द्या."

"घर पाण्याखाली हाय की, सायेब."

"असेल. पण आमचा माणूस जागेवर जाऊन खातरजमा करणार. नियम आहे."

सासरे खुर्चीतून उठले. "पाठवा की. पवता येतंय न्हवं त्याला?"

*

बळी आणि दत्ता हे चुलतभाऊ. बांधावरून दोघांचं बोलणं बंद. पीक पाहणीचं ॲप बळीला जमेना, म्हणून मला रानात घेऊन गेला. फोटो आपल्याच शेतात उभं राहून काढायचा असतो. माणूस कुठं उभा आहे ते ॲपला कळतं म्हणे.

बळी आपल्या सोयाबीनमध्ये उभा राहिला. ॲप म्हणालं, तुम्ही शेतापासून दूर आहात. सरकला. दूर. बांधावर चढला. दूर! वैतागून बांध ओलांडला, दत्ताच्या रानात पाय टाकला आणि ॲप लगेच खूश!

दत्ता काठी घेऊन पळत आला. "नीघ माझ्या रानातनं!"

बळीनं मोबाइल उंच धरला. "तुझं? इतकी वर्सं म्या काय सांगत हुतो? हे रान माझं हाय!"

"कशावरून?"

बळीनं आभाळाकडं बोट केलं. "वरून!"

*

शंकरअण्णा पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेले. तब्येत खचली तशी एकच घाई लागली, आपल्यामागं गोदाकाकूंना पेन्शन मिळावी. पण लग्नाची नोंदच नाही! नोंदणीला लग्नात हजर असलेले तीन साक्षीदार पाहिजेत. मांडवातले बहुतेक देवाघरी. लेकरं-नातवंडं रांगेत उभी केली, तर ग्रामसेवक म्हणाले, "हा लग्नाचा पुरावा होत नाही."

हुडकून दोन साक्षीदार मिळाले. तिसरा मिळेना. अण्णा रडकुंडीला आले.

काकू हळूच म्हणाल्या, "कळंबचे माणिकराव हाईत की."

अण्णांचं तोंड आंबट झालं. "त्येला कशाला?"

"मग दुसरं कोण हाय, सांगा!"

 शेवटी अण्णा मला म्हणाले, "लाव फोन."

माणिकराव आले ते इस्त्रीचा सदरा घालून, अत्तर लावून. अण्णांनी नमस्कार केला, पण बघितलं नाही.

ग्रामसेवकांनी विचारलं, "तुम्ही मुलीकडचे का मुलाकडचे?"

"म्या नवरदेव हुतो."

ग्रामसेवकांचा पेन थांबला.

"मानपानावरनं माझ्या बापानं मांडवातच मोडलं. मुंडावळ्या माझ्या सोडल्या आन् वऱ्हाडात जेवायला आलेल्या ह्या शंकरला बांधल्या."

ग्रामसेवकांनी घसा साफ केला. "म्हणजे... ह्या दोघांचं लग्न झालं, याची तुम्हाला पक्की खात्री आहे?"

माणिकरावांनी एकदा काकूंकडं बघितलं, सही केली आणि म्हणाले, "सायेब, माझ्याएवढी खात्री कुणाला असणार!"