मागाची पूजा

नातीने मला नव्या मॉलमध्ये नेलं. तिथे सरकता जिना उघडून दुरुस्ती चालली होती. यंत्राच्या तेलाचा वास आला. आमच्या ह्यांच्या सदऱ्याला असाच यायचा. याच जागी त्यांची कापडमिल होती.

मिल बंद पडली त्या वर्षीही खांडेनवमीला हे आपल्या मागाची पूजा करायला निघाले. मीही गेले. फाटकाला कुलूप होतं. चौकीदार म्हणाला, "काका, अंदर की चाबी मेरे पास भी नहीं है."

मी म्हणाले, "मग हार फाटकालाच घाला."

"फाटकाने काय विणलंय?" हे म्हणाले.

तेव्हा वाटलं होतं, पुढच्या दसऱ्याला मिल उघडेल. हार, नारळ तसेच पिशवीत घालून घरी आलो. नारळाची मी चटणी केली. दुसरं काय करणार होते?