तळ्याचं पाणी आणि माझा अळू

चहा घ्या, आणि मी स्वतःचीच कशी शोभा करून घेतली ते ऐका. तीही लोकांना घरी बोलावून, खाऊ घालून.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी आणि सुनंदा चेन्नईतच राहिलो, शोळिंगनल्लूरला. आमच्या सोसायटीमागे एक जुनं तळं आहे. बिल्डरने राडारोडा टाकून ते अर्धं बुजवलं होतं. उन्हाळ्यात आम्ही काही हौशी मंडळींनी ते उपसलं, जलपर्णी काढली, काठाला लव्हाळे लावले. चढावरच्या इमारतींच्या गच्च्यांवरचं पावसाचं पाणी तळ्यात जावं म्हणून इमारतींमागून एक चर खणला. तळ्याच्या समितीचा अध्यक्ष मी. का म्हणाल, तर आवाज मोठा.

सोसायटीचे सेक्रेटरी वेंकटेशन विरोधात होते. "सार, एक पावसाळा देतो. तळं भरलं तर ठीक, नाहीतर बुजवून पार्किंग."

दिवाळीच्या सुमारास इथला पाऊस आला आणि झोडपून गेला. तळ्यात काय? चिखल, आणि त्यात दोन बगळे आमची वाट पाहत उभे. उलट आमच्या आत्ताच्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी. वेंकटेशनना आयतंच कारण मिळालं.

माझं डोकं फिरलं. बगळे आले होते हो, आणि आता तिथे गाड्या उभ्या राहणार! कुणीतरी मुद्दाम चर अडवला असणार. संशय कुणावर ते सांगायला नको. मी तातडीने आमच्याच घरी बैठक बोलावली.

सुनंदाने अळूवड्या केल्या होत्या. वेंकटेशन चौथी वडी उचलत म्हणाले, "सार, आमच्याकडे कंद खातात, पानं टाकून देतात. एवढी मोठी पानं मिळतात कुठे?"

"मिळतात कसली? घरची आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली अळू लावलाय," मी छाती फुगवून सांगितलं. मग उठून ठराव मांडला. "ज्याने चर अडवलाय, त्याने पावसाळाभर रोज सकाळी सगळ्यांसमोर तो साफ करायचा."

"माझा पाठिंबा," वेंकटेशन वडी चावत म्हणाले.

बाहेर पाऊस होताच. छत्र्या घेऊन वरात निघाली, पुढे मी. तळ्यापासून चराच्या कडेकडेने वर. चरात जेमतेम ओल. पहिली इमारत गेली, दुसरी गेली, चरात नुसती ओलच. मी मागे वळून वेंकटेशनकडे सूचकपणे पाहत होतो. तिसरी इमारत आमची. चर तिच्या मागे वळला आणि समोर हिरवंगार अळूचं रान, गुडघाभर पाण्यात. बेडूक ओरडत होते. पाणी काठावरून सांडून थेट पार्किंगच्या उताराला लागलं होतं.

पानं बाजूला केली तर खाली विटांचा बांध. बांध माझाच.

काय झालं होतं, की उन्हाळ्यात रिकामा चर बघून माझ्यातला कोकणी माणूस जागा झाला. फिल्टरचं वाया जाणारं पाणी तिकडे सोडलं, ते टिकावं म्हणून विटा रचल्या, अळू लावला. पुढे पानांनी विटा झाकल्या आणि मी साफ विसरलो.

सुनंदा खिडकीतून म्हणाली, "अहो, मी तेव्हाच म्हटलं होतं, विटा काढा." या बाईला बोलायला हीच वेळ सापडली.

मी वाकून विटा उपसल्या. पाणी धो धो करत तळ्याकडे धावलं. आठवडाभरात तळं भरलं आणि पार्किंगही कोरडं झालं. वेंकटेशननी नव्या पार्किंगचा विषय सोडून दिला. माझा अळू मात्र त्यांनी स्वतः उपटून तळ्याच्या काठाला लावला.

ठराव मात्र त्यांनी सोडला नाही. चेन्नईला आलात तर सकाळी या, मी चरात फावडं घेऊन उभा असतो. अळूवड्या खायच्या असतील तर वेंकटेशनकडे जा. सुनंदाने त्यांच्या बायकोला शिकवल्यात, आणि त्यांनी मला अजून एकदाही बोलावलेलं नाही.