दारची धून

आमच्या समोरच्या दारात काशिरामकाका राहतात आणि गेली नऊ वर्षं रोज संध्याकाळी पाच वाजता ते वाजवतात. काय वाजवतात ते मात्र विचारू नका. पोंप. पोंप-पोंप. मग बराच वेळ काहीच नाही. आपण म्हणतो सुटलो, चहा टाकू या, आणि गॅस पेटवला की परत पोंप.

खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीत या आवाजाला पुष्कळ नावं पडली. त्यातली निम्मी मीच पाडली. 'गाभण म्हैस' हे माझं. सोसायटीच्या ग्रुपवर रोज पाचला 'बोट सुटली' असा मेसेज टाकणारीही मीच. काकांकडे बटणांचा फोन, त्यामुळे त्यांच्या कानावर जायची भीती नव्हती. आमचे हे म्हणायचे, "रंभा, म्हातारा माणूस आहे, सोड." मी कशाला सोडते! आमच्या मजल्यावर दुसरी करमणूक काय आहे? उलट काका दार वाजवून वाटीभर सुका जवला द्यायचे, "रंभाबाय, करंजावरनं आलाय, घे," आणि तो परतताना मी पुढचं नाव शोधायचे.

वाद्याला युफोनियम म्हणतात. पितळेचं मोठं धूड, लहान मूल घेतल्यासारखं मांडीवर घेऊन वाजवायचं. काका ते आठवड्यातून एकदा चिंचेनं घासतात. घरात त्याच्याइतकं चकचकीत दुसरं काही नाही. मैनाकाकू गेल्यापासून भांडी जेमतेम विसळली जातात. मुलगा कुंदन पुण्याला. तो रविवारी सकाळी फोन करतो. जेवलात का, गोळी घेतली का, बरं, ठेवतो. मला कसं माहीत? काका स्पीकरवर बोलतात आणि मी दार उघडं ठेवते.

काका करंजाचे कोळी. बापाची होडी होती. होडीवर जायचं सोडून हा पोरगा पनवेलच्या ब्रास बँडमध्ये पितळ फुंकायला लागला म्हणून बापानं दोन महिने बोलणं टाकलं होतं. बँडचं नाव आनंदसागर. अठरा माणसं, लाल कोट, सोनेरी झालर. टपाल नाक्यावरून त्यांची वरात निघाली की आम्ही शाळेतल्या मुली दप्तरासकट मागे. क्लॅरिनेटवर एलिएझरकाका. ते बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, बँकेत कारकून. दिवसभर टाय आणि संध्याकाळी लाल कोट. शुक्रवारी दिवे लागले की शनिवारचे दिवे लागेपर्यंत त्यांचा शब्बाथ, तेवढ्यात ते वाजवायचे नाहीत. त्या दिवशी वरात असली तर ट्रम्पेटवाला चारुदत्त त्यांची जागा घ्यायचा. बाकीच्या सगळ्या दिवशी एलिएझरकाका पुढे आणि त्यांच्या डाव्या खांद्याला चिकटून युफोनियम घेऊन आमचे काशीकाका. चोवीस वर्षं.

या बँडची एक खासियत होती. वरात मांडवाच्या दाराशी आली की सिनेमाची गाणी बंद. तिथं त्यांच्या मास्तरांनी स्वतः बसवलेली एक धून वाजायची. दारची धून म्हणत तिला. नवऱ्या मुलावरून भाकरतुकडा ओवाळून टाका, पाय धुवा, कोणाची तरी आत्या रुसलेली असते तिला शोधून आणा, या सगळ्याला किती वेळ लागेल याचा नेम नाही. म्हणून धून गोल फिरत राहायची. थांबायचं कधी? क्लॅरिनेटवाल्याची नजर दारावर. नवरा आत गेला की तो मान खाली घालणार, तेव्हाच सगळ्यांनी थांबायचं. मान हलल्याशिवाय कोणी थांबला तर त्याचा त्या दिवसाचा चहा बंद.

मग डीजे आले आणि आनंदसागर आटला. ज्याला त्याला आपापला घाट सापडला. ढोलवाला कुमार एका शाळेत पोरांना पंधरा ऑगस्टचं लेफ्ट-राइट शिकवतो. चारुदत्तानं दात गेल्यावर ट्रम्पेट विकला आणि जासईच्या, हळदी-लग्नांत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत कीबोर्डवर बसला. हळदीच्या सीझनमध्ये त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. झांजवाला तळोज्याच्या कारखान्यात वॉचमन झाला. आता शिट्टी वाजवतो. एलिएझरकाका पेन्शन घेऊन मुलीकडे इस्रायलला, अश्दोदला गेले. राहिले काशीकाका. त्यांच्या वाद्याला कुठंच जागा नव्हती.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, पण त्याचा अर्थ कळला तो या वर्षी, जेरुशाचा फोन आला तेव्हा.

जेरुशा एलिएझरकाकांची मुलगी, शाळेत माझ्या मागे दोन वर्षं. म्हणाली, "रंभाताई, पप्पा आठ महिने झाले बोलत नाहीत. मला ओळखत नाहीत. डॉक्टर म्हणतात, जुनं काही ऐकवा. सिनेमातली सगळी गाणी लावून झाली. ती दारची धून हवी आहे गं. कुठं रेकॉर्ड नाही. काशीअंकल अजून वाजवतात का?"

"अगं, वाजवतात का काय विचारतेस! रोज वाजवतात. डोळे मिटून वाजवतील," मी ठोकून दिलं. पुढच्या रविवारचा व्हिडिओ कॉलसुद्धा ठरवून टाकला. संध्याकाळी पाचला, म्हणजे सोसायटीची सवय मोडायला नको.

मग टाळ्या मिळतील अशा ऐटीत समोरचं दार वाजवलं. काकांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीत बसले.

"एली बोलत नाय?"

"नाही. पण तुमची धून ऐकली की बोलतील, असं जेरुशाला वाटतं."

"तू काय सांगितलंस तिला?"

"वाजवतील म्हणून."

"मना येत नाय ती."

मला वाटलं, म्हातारा भाव खातोय. "काका, नऊ वर्षं दारापलीकडून काय ऐकतेय मग मी?"

"ती माझी बाजू. धून एलीची. धून वर चालते, मी खालनं टेकू द्यायचा. तो दोन पावलं टाकणार, मी एक. तो लांब सूर वरनं नेणार, तवा मी गप." त्यांनी युफोनियमकडे बोट केलं. "मी रोज तीच वाजवतो. दारचीच. तो वाजवतो तेवढी जागा सोडून."

म्हणजे नऊ वर्षं मी ज्याला नावं ठेवली त्यात अर्धं गाणं होतं. मधल्या ज्या शांततेत मी गॅस पेटवायचे, तिथं अश्दोदचा माणूस वाजवत होता. मला एकदम काही विनोद सुचला नाही. असं माझं सहसा होत नाही.

"चारुदत्तला येत असेल," मी म्हटलं. "शनिवारी तोच वाजवायचा ना?"

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवरून आम्ही जासईला निघालो. मी पुढे, मागे काका आणि मधे युफोनियम. त्याचा कर्णा माझ्या हेल्मेटला टेकलेला. कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगेत अडकलो तेव्हा एक ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मावशी, सायलेन्सर केवढा लावलाय!" काका हसले नाहीत. तेव्हा मला कळलं, हा माणूस घाबरलाय.

चारुदत्त अंगणात केबल गुंडाळत होता. काकांना बघून त्यानं त्या टाकल्या आणि पाया पडला. "काशीदादा! अजून घेऊन हिंडतोस हे धूड? मोडीत घाल, चार हजार येतील."

"तुझे दात गेले, जीभ हाय तशीच हाय. दारची धून वाजव."

"कोणाचं लगीन?"

काकांनी एलिएझरकाकांचं सांगितलं. चारुदत्त आत जाऊन कीबोर्ड घेऊन आला. सुरुवात केली आणि मी चाटच पडले. धून! टपाल नाक्यावरची! दप्तर, लाल कोट, सगळं आठवलं. दोन ओळी झाल्या आणि धून कुठल्या तरी हळदीच्या गाण्यात घुसली. त्यानं परत सुरू केली, परत तिथंच घुसली. तिसऱ्यांदा कशीबशी पार झाली. मी फोनवर रेकॉर्ड करून घेतली.

काका खूश दिसेनात. "चारू, श्वास कुठं घेतलास?"

"कीबोर्डला कसला श्वास, दादा?"

"तिसऱ्या ओळीत एली श्वास घ्यायचा. त्याची छाती कमजोर. तिथं मी सूर धरून ठेवायचा, तो परत येईपर्यंत."

"आता कोण कोणासाठी धरून ठेवतो!" चारुदत्त हसत म्हणाला. मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं असावं, कारण त्यानं घरात आमच्यासाठी थंड आणायला सांगितलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही.

पुढचे पाच दिवस समोरून वेगळा आवाज आला. काका माझा फोन नेऊन रेकॉर्डिंग ऐकायचे आणि धून स्वतः वाजवून बघायचे. ते आयुष्यभर मागे राहिलेले ओठ. वरचे सूर फाटायचे. दोन ओळी झाल्या की त्यांचं तोंड आपोआप पोंपवर यायचं. मग खोकला, मग पुन्हा पहिल्यापासून. ग्रुपवर कोणीतरी विचारलं, 'म्हैस व्याली का?' माझीच म्हैस, मलाच परत. मी लिहिलं, 'गप्प बसा.' त्यावर लोकांनी मला ताप आहे का विचारलं.

रविवारी काकांनी लाल कोट काढला. पोटावर बटणं लागेनात, उघडाच घातला. त्यांच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याला टेकवून मी फोन उभा केला. पाच वाजता पडद्यावर जेरुशा आली. तिनं फोन फिरवला. खुर्चीत एलिएझरकाका. डोक्याला टोपी, मांडीवर चौकड्यांचं पांघरूण, नजर खिडकीबाहेर.

"एली," काका म्हणाले. "एली, मी काशा."

नजर खिडकीतच.

"पप्पा, काशीअंकल. पनवेलचे," जेरुशा म्हणाली. काही नाही.

काकांनी धून सुरू केली. पाच दिवसांत जेवढी जमली होती तेवढी. पहिली ओळ बरी गेली. दुसरीत सूर फाटला. तिसरी अर्धवट. एलिएझरकाका एकदा जांभई देऊन पुन्हा खिडकीकडे वळले. काकांनी वाद्य खाली घेतलं. कपाळावर घाम, गळ्याशी झालर ओली.

"असू दे अंकल," जेरुशा हळूच म्हणाली. "तुम्ही एवढं केलंत."

"पुन्हा करा ना काका, कालची बरी होती," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांनी खुर्ची थोडी वळवली. फोनसमोर बसले होते ते डाव्या अंगाला झाले, फोन उजव्या खांद्याशी आला. वाद्य पुन्हा उचललं.

पोंप. पोंप-पोंप. मग काहीच नाही.

"अहो काका, हे काय? धून वाजवा!" मी कुजबुजले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पोंप.

"रंभाताई," जेरुशाचा आवाज आला, "हात बघ."

पांघरुणावर एलिएझरकाकांची बोटं हलत होती. आधी डाव्या हाताची दोन, मग दोन्ही हातांची. चेहरा तसाच, नजर खिडकीत. पण बोटं बरोबर चालली होती. काका गप्प असत तेव्हा ती पळत आणि काकांचा पोंप आला की टेकत. अश्दोदहून चित्र थोडं उशिरा यायचं. काकांनी डोळे उघडून ते पाहिलं आणि आपला सूर तेवढा मागे ओढला. तिसऱ्या ओळीत बोटं थांबली. काकांनी सूर धरला. धरला, धरून ठेवला, मान लाल झाली. बोटं परत चालू लागली तेव्हाच सोडला.

काकांच्या स्वयंपाकघरात धून कुठंच नव्हती. पोंप तेवढा होता. जेरुशा पलीकडे रडत होती आणि मी इकडे मसाल्याचा डबा धरून उभी होते, तो हलू नये म्हणून.

धून फिरत राहिली. चार वेळा, पाच वेळा. काकांचा दम संपत आला होता. मी म्हटलं, "काका, पुरे." त्यांनी डोळ्यांनीच पडदा दाखवला. मान. मान हलली नव्हती. मी फोनच्या मागे उभी राहून स्वतःच मान खाली घातली.

त्यांनी वाजवतच डोक्यानं नाही म्हटलं.

सातव्या फेरीला पडद्यावरचं चित्र गोठलं. बोटं हवेत तशीच. मग कॉल तुटला. काकांनी उरलेली ओळ पूर्ण केली आणि वाद्य मांडीवर ठेवलं.

मी पाणी दिलं. "काका, धून वाजवली तेव्हा ढुंकून बघितलं नाही, आणि यावर कसे हो..."

"त्यानं धून कंदी ऐकलीच नाय, रंभाबाय. तो वाजवायचा. ऐकायचा मना." त्यांनी पाणी एका घोटात संपवलं. "तुझी मान चालत नाय. वाईट वाटून घेऊ नको."

नंतर जेरुशाचा मेसेज आला. बोटं अर्धा तास चालू होती, मग झोप लागली. काशीअंकलचं नाव घेतलं का, असं मी विचारलं. नाही, म्हणाली. कोणाचंच नाही.

त्याला आता तीन महिने झाले. दर रविवारी पाचला मी फोन घेऊन समोर जाते. कधी बोटं चालतात, कधी नाही. ओळखलं असं अजून काही नाही. नजर खिडकीतच. काका मात्र प्रत्येक वेळी लाल कोट घालून डाव्या अंगाला बसतात. जेरुशा 'पुरे अंकल' म्हणते तेव्हा वाद्य खाली ठेवतात, पण पेटीत घालत नाहीत. खुर्चीवर तसंच राहतं, शेजारी कोणी बसल्यासारखं.

परवा मी सहज म्हटलं, "घाला की पेटीत, धूळ बसते."

"मान नाय हलली अजून," काका म्हणाले. "दारातच हाय तो."

बाकीचे सहा दिवस ते पूर्वीसारखेच एकटे वाजवतात. मी ग्रुपवर आता काही टाकत नाही. पाच वाजता गॅस बंद करून दाराशी उभी राहते. पोंप झाला की मधली जागा येते, आणि मी त्यात धून लावून बघते. दोन ओळी येतात. तिसरीत माझी हळदीच्या गाण्यात घुसते.