वॉर्डातली मावशी

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, काय माहीत!

परवा आमच्या वॉर्डात आम्हा नर्सेसची नवी पाटी लागली — ‘परिचर्या अधिकारी’. पोरी खूश. कुणी “ए बाई” अशी हाक मारली की आता फणकारतात, “ऑफिसर म्हणा!” बरोबरच आहे की, दिवसभर पायांचे तुकडे पडतात आमच्या. पण झाडणारी, बेडपॅन उचलणारी, ती सरसकट मावशी — तिचं नाव कोण विचारतं?

एका मावशीचं नाव मला माहीत होतं. सुभद्रा. माझी आई.

छावणी भागात आमची एकच खोली. ती ड्युटीवरून आली की अंगाला फिनेलचा वास, आणि लगेच गरम भाकरी. अजून फरशी पुसताना तो वास आला की मला भूक लागते — हसू नका, खरंच! “माझी पोरगी सिस्टर होणार,” गल्लीभर सांगत फिरायची.

झाले मी सिस्टर. उस्मानपुऱ्यातल्या तिच्याच दवाखान्यात लागले. जागा निघाल्याचं तिनंच कळवलं होतं. लग्नामुळं आडनाव वेगळं, कुणाला पत्ता नाही. पहिल्या दिवशी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “ह्या आपल्या मावशी.” ती पदराला हात पुसत उभी, तोंडभर हसत — मी सांगेन म्हणून थांबलेली. आणि मी काय म्हणाले?

“नमस्कार, मावशी.”

तिचं हसू तिथंच थांबलं. मग म्हणाली, “या, सिस्टर.”

पुढं ती एकदाही चुकली नाही. मी “मावशी, बेडपॅन” म्हणायचे, ती “व्हय, सिस्टर”. दुपारी माझ्या डब्याशेजारी गुपचूप ठेचा ठेवून जायची. लाज वाटायची का मला तिची? हो. वाटायची.

तिनं काम सोडलं तेव्हा भाषण मीच ठोकलं — “आमच्या लाडक्या मावशी!” टाळ्या पडल्या. सगळ्यांनी मिळून घेतलेली साडी माझ्याच हातानं दिली. “लई केलं माझं, सिस्टर,” ती म्हणाली.

संध्याकाळी माहेरी गेले. ती साडी नेसूनच बसली होती. पदर पसरून दाखवत म्हणाली, “बघ गं, सिस्टर लोकांनी दिली. लई जीव लावला पोरींनी.”

“छान आहे,” म्हणाले मी.

आता आई नाही. दवाखान्यात अजून आठवण निघते — त्या जुन्या मावशी, किती चांगल्या होत्या ना?

हो, मी म्हणते. चांगल्या होत्या मावशी.