पत्नीच्या रकान्यात दुसरीचं नाव

आमचे हे गेले, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात मला कळलं की कागदावर त्यांची बायको मी नव्हतेच.

विम्याच्या ऑफिसातल्या साहेबाने पॉलिसी उलटीपालटी केली, माझं आधार कार्ड पाहिलं आणि विचारलं, "बाई, नॉमिनीचं हे नाव तुमचंच का?" नाव परकं, आडनाव आमचं, आणि पुढच्या रकान्यात नातं: पत्नी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबाने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, मी तो त्याच्याकडेच परत सरकवला.

ती कोण, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या आधी यांचं दुसरबीडच्या एका मुलीशी साक्षगंध झालं होतं. तारीख ठरली, पत्रिका छापल्या आणि मग मानपानावरून सगळं फिसकटलं. तारीख वाया जाऊ नये म्हणून पंधरा दिवसांत मला पाहिलं आणि त्याच मांडवात उभं केलं. शालूसुद्धा तिच्यासाठी घेतलेलाच मला नेसवला. लग्नाच्या एकाही फोटोत मी हसत नाही, ते त्या शालूपायी.

घरी येऊन तडक यांच्या मामांना फोन लावला. त्या साक्षगंधाच्या वेळी मामा नवेच विम्याचे एजंट झाले होते. घरादाराचे फॉर्म तेच भरायचे, भाच्याने फक्त पेन्सिलीची फुली दिसेल तिथे सही करायची.

"मामा, हे काय करून ठेवलं तुम्ही?"

"अवं, मार्च होता, टार्गेट पुरं करायचं होतं. साक्षगंध झालं म्हंजे पोरगी आपली झालीच ना! म्हटलं आत्ताच बायको लिहून टाकू, लगन झाल्यावर पुन्हा कोन बदलत बसन?"

"अन् लगन माह्यासंगं झालं, तवा?"

"तवा... राहून गेलं वं."

राहून गेलं म्हणे! माझा संसार झाला, पोरगी कॉलेजात गेली, नवरा गेला, आणि यांचं राहूनच गेलं.

मामांवर चिडले खरी, पण जीव जळत होता तो यांच्यावर. हप्ता भरायला हे स्वतः जायचे, मला एकदाही पाठवलं नाही. पॉलिसी त्यांच्या पेटीत आणि किल्ली त्यांच्या खिशात. त्यांना ते नाव ठाऊक होतं का? ठाऊक असून ठेवलं होतं का? एकदा फोटोसमोर उभी राहून विचारलंसुद्धा, "बोला ना आता, काऊन ठेवलं?" मेलेल्या नवऱ्याशी भांडता येत नाही, यासारखी दुसरी अडचण नाही.

साहेबाने दोनच वाटा दाखवल्या. एक तर त्या बाईचं संमतीपत्र आणा, नाही तर कोर्टातून वारसाचा दाखला. कोर्टाची वाट बघायला सवड नव्हती, पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष अडलं होतं. पण खोटं कशाला बोलू? पोरीच्या फीपेक्षाही मला त्या रकान्यातून ती बाई बाहेर काढायची होती.

नांदुऱ्याहून खामगाव, तिथून मेहकर, मग दुसरबीड. गाडीत बसून मी मनातल्या मनात तिला जाडी करत होते. केस पिकवले, पुढचे दोन दात पाडले, एक दारुडा नवरा दिला, चार द्वाड पोरं दिली. तेव्हा कुठे गाव आलं.

ती अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होती. वेणी काळीभोर, कमरेपर्यंत. दात सगळे जागच्या जागी. आणि गळ्यात मंगळसूत्र नाही.

मी कोण ते सांगितलं. तिने लगेच विचारलं, "ते बरे हायेत ना?"

ते! मी त्यांना 'ते' म्हणायला लागले तेव्हा मला किती लाजल्यासारखं झालं होतं, आणि ही बया सहज म्हणते!

"गेले," मी म्हटलं.

तिने पळी पातेल्यात ठेवली आणि पोरांच्या सतरंजीवरच बसली. पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, हिचा पदर ओढून काढावा. माझ्या नवऱ्यासाठी रडायला ही कोण?

मी पॉलिसीचं पान पुढे केलं. तिने दोनदा वाचलं, मग त्या रकान्यावर नुसतं बोट ठेवलं. "मले हे मालूमच नव्हतं," म्हणाली. साक्षगंध मोडलेल्या मुलीला पुढे स्थळं आली नाहीत. मग आईला लकवा मारला, आणि आईचं करता करता लग्नाचं वय गेलं. हे तिने पोरांची ताटं गोळा करत सांगितलं, मी न विचारता.

मदतनीस बाई आणि शेजारचे एक मास्तर साक्षीला आले. मी दाखवलं तिथे तिने सही केली. किती मिळणार, कधी मिळणार, काही विचारलं नाही. वाटा मागितला असता तर मी कडाकडा भांडले असते. भांडायची केवढी तयारी करून आले होते मी!

ती मला स्टॅण्डवर सोडायला आली. गाडी दिसली तशी हळूच म्हणाली, "ताई, एक मागू का?"

म्हटलं, आली शेवटी मुद्द्यावर.

"त्या पानाची झेरॉक्स देता का एक? माह्या नावापुढं कोनी कधी तसं लिहिलं नाही."

"झेरॉक्स नाही माह्यापाशी," मी म्हटलं.

पिशवीत तीन होत्या.

पैसे आले, पोरगी नर्स झाली. त्या बाईचा पत्ता संमतीपत्राच्या माझ्याकडच्या प्रतीवर आहे, पोस्ट आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. अजून एकही पाठवलेली नाही.