सूर्यभानजींचा चुकलेला आकडा

तव्यावरची भाकर फुगत होती, मुलं आंघोळीच्या पाळीवरून भांडत होती आणि आमच्या घरचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, अर्ध्या गालाला साबण लावून आरशापुढे उभे होते. एवढ्यात दाराची कडी वाजली. बघते तर दवाखान्यातले कारकून सूर्यभानजी. सायकल कुंपणाला टेकवलेली, टोपी हातात.

"बसा की," मी म्हटलं.

"बसाले नाई आलो, बाई. सायेबाले सांगाले आलो, का माह्या हातानं एका मानसाचं वाटोळं होऊन राहिलं."

एरवी हा माणूस असं बोलणारा नव्हे. धामणगाव रेल्वेजवळच्या खेड्यातले हे. अकोल्याला मावशीकडे राहून मॅट्रिक झाले. छप्पन साली घरादारासकट बौद्ध झाले आणि पुढच्या वर्षी अमरावतीच्या या लहानशा धर्मादाय दवाखान्यात लागले. डॉक्टरांनी केसपेपरवर रोगाचं नाव लिहायचं आणि सूर्यभानजींनी एका जाड इंग्रजी पुस्तकातून त्या रोगाचा ठरलेला आकडा शोधून पुढे मांडायचा. दर शनिवारी सगळ्या आकड्यांचा तक्ता आरोग्य खात्याकडे जायचा. जगभर एका रोगाला एकच आकडा, याचं त्यांना भारी अप्रूप. "लंडनच्या खोकल्याले अन् बडनेऱ्याच्या खोकल्याले नंबर एकच, बाई!" आमचा धाकटा एकदा त्यांना म्हणाला, "काका, परीक्षेच्या दिवशी पोट दुखते, त्याचा नंबर काय?" सूर्यभानजी गंभीरपणे म्हणाले, "त्याले नंबर नाई, त्याले छडी हाय."

आज मात्र चेहरा उतरलेला होता.

"कोणाचं वाटोळं?" डॉक्टर साबणासकट बाहेर आले.

"देवमन गायकीचं."

देवमन परतवाड्याच्या अलीकडच्या एका गावाचा गायकी, म्हणजे सगळ्यांची गुरं राखणारा. महिन्यापूर्वी तापानं फणफणून दवाखान्यात आला होता. अंगभर पुरळ उठलेलं. पहिल्या दिवशी डॉक्टरांना रोग ठरवता आला नाही, म्हणून त्यांनी कागदावर नावाची जागा मोकळी ठेवली. पुढे त्यांना त्याच्या गुडघ्यामागे एक काळी खपली सापडली. गुरांची गोचीड चावली होती आणि ताप तिचाच होता. त्यांनी तसं लिहिलं, औषध बदललं, देवमन बरा होऊन घरी गेला.

"पन तुमी लिवलं तवा माहा तक्ता निंगून गेला होता," सूर्यभानजी म्हणाले. "मी त्यात देवीचा नंबर टाकला."

"देवीचा? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्याची बायको, मैनाबाई, वऱ्हांड्यात लिंबाचा पाला घेऊन बसली होती. म्हने, माता आली."

"अहो, मोकळी ठेवायची ना जागा!"

"मोकळी जागा खातं वापस पाठवते, सायेब."

"मग मला विचारायचं."

सूर्यभानजी म्हणाले, "माही लहान बहीन देवीनंच गेली. लिंबाचा पाला दिसला का मले दुसरं काई दिसत नाई. इचाराले थांबलोच नाई."

त्या आकड्यावरून खात्याची माणसं गावात गेली, देवमनच्या घरात पावडर फवारली, आख्ख्या गावाला टोचलं. गावानं त्याच दिवशी त्याच्याकडून गुरं काढून घेतली. मैनाबाई काल रडत दवाखान्यात आली, तेव्हा कुठे सूर्यभानजींना हे कळलं. पाडव्याला गाव वर्षाचा गायकी ठरवतं, आणि पाडवा तोंडावर आला होता. तोवर देवीचं नाव पुसलं नाही, तर कळप दुसऱ्याचा.

डॉक्टर तसेच अर्ध्या दाढीनं टेबलाशी बसले. देवमनला देवी नव्हती, गोचिडीचा ताप होता आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही, असा दाखला त्यांनी लिहिला.

"त्यात कारकुनाची चूक म्हनून लिवा," सूर्यभानजी म्हणाले.

"तुमच्या नोकरीच्या कागदावर शेरा बसेल."

"बसू द्या. मले शेरा चालते, त्याले कळप पायजे."

दवाखान्याच्या नोंदवहीतला आकडा त्यांनी तांबड्या शाईनं खोडला, नवा लिहिला, शेजारी सही केली. खात्याकडे दुरुस्ती धाडली. रविवारी दाखला घेऊन एसटीनं देवमनच्या गावी गेले.

सोमवारी संध्याकाळी परत आले, तेव्हा मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. या वेळी न सांगता बसले.

"झालं का काम?"

"मास्तरनं कागद चावडीवर वाचून दाखवला. अर्थबी सांगतला. तं नत्थुजी म्हनून एक म्हातारा म्हने, गोचीड तं आमच्या समद्या ढोराइले हाय, आमी काहून नाई पडलो? दुसरा म्हने, सरकार आधी देवी म्हने, आता गोचीड म्हनते, परवा उंदीर म्हनन."

"मग तुम्ही काय म्हटलं?"

"मी म्हटलं, सरकार नाई चुकलं, मी चुकलो. तं नत्थुजी म्हने, मंग आता बराबर हाय हे कायवरून?"

मला हसू आलं. त्यांना आलं नव्हतं, म्हणून मी ते गिळलं.

"मैनाबाई कशी आहे?"

"तिच्या घरात अजून फोडनी पडली नाई, बाई. मातेच्या घरी तेल तडतडलं का मातेले चटके बसते, म्हनते. तिले सोताले पटलं, का माता नोयती. पन शेजारनी कान देऊन बसल्या हायेत. तेल तापवलं का भिंतीपलीकडून वरडते. पोरं महिनाभर बिनफोडनीचं वरन खाऊन राहिले. अन् जोवर फोडनी नाई, तोवर गावाच्या लेखी माता घरातच हाय."

मी पाणी आणून दिलं. ते एका दमात प्यायले, पेला पालथा ठेवला.

"मले वाटलं होतं, कागदानं बिघडलं ते कागदानं दुरुस्त होईन," ते म्हणाले. "नाई होत."

डॉक्टर आतून ओट्यावर आले होते. सूर्यभानजी उठून उभे राहिले, पण बोलले माझ्याशीच.

"एक मागनं हाय, बाई. पाडव्याले सकाळी, गाव गायकी ठरवाले बसाच्या आधी, तुमी अन् सायेब मैनाबाईच्या घरी जेवाले या. तिले फोडनी द्या म्हना, अन् ते वरन समद्याइच्या समोर खा. लेकराइलेबी आना."